‘नुसती शोभा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर, बुरोंडी, लाडघर, कोळथरे या पट्ट्यात नवी घरं भराभर उभी राहत आहेत. कुणी मुंबईहून परतून वडिलांच्या जागेवर बांधतो, कुणी पर्यटकांसाठी चार खोल्या काढतो. या घरांचे नकाशे करणारे, ती बांधणारे आणि फुकट सल्ला देणारे, सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: ‘पट्ट्याबिट्ट्या काही नकोत, साधं ठेवा.’ पट्ट्या म्हणजे मोल्डिंग. खिडकीवरचा गलथा, छज्ज्याची घडीव कड, दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी, जोत्याच्या माथ्याची गोलाई, भिंत छताला भेटते तिथली कॉर्निस, कपाटाचं बीडिंग, तसबिरीची फ्रेम हे सगळं त्यात आलं.

या वाक्यामागे चार आरोप असतात. पहिला, मोल्डिंगला काही काम नसतं, ती नुसती शोभा. दुसरा, ती साहेबाची नक्कल, कोकणातलं घर मुळात साधं. तिसरा, आधुनिक बांधकामाने ती केव्हाच मोडीत काढली. चौथा, ती धूळ धरते आणि पैसे खाते. चारही आरोप चुकीचे आहेत. त्यातला पहिला तर बुरोंडीसारख्या गावात घराचं वाटोळं करणारा आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

दापोलीला वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. किनाऱ्यावर तो सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि समुद्राकडच्या भिंतीवर आपटतो. आपटलेलं पाणी भिंतीवरून खाली येताना वाटेत जे भेटेल त्याला धरून चालतं. खिडकीच्या वर छज्जा असला तरी त्याच्या कडेवरून पाणी सुटून खाली पडेलच असं नाही. छज्ज्याची खालची बाजू सपाट असेल तर पाणी कडेवरून वळतं, त्या सपाट पोटाला चिकटून मागे सरकतं आणि पुन्हा भिंतीपाशी पोचतं. तिथून ते खिडकीच्या चौकटीत शिरतं आणि चौकटीतून आतल्या गिलाव्यात.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. छज्ज्याची कड थोडी खाली उतरवायची किंवा तिच्या पोटात कडेपासून इंचभर आत एक खाच ठेवायची. मागे सरकणाऱ्या पाण्याला ती खाच ओलांडता येत नाही, थेंब तिथेच सुटतो. खाचेचा खर्च किती? काँक्रीट ओतण्याआधी शटरिंगच्या फळीवर एक बारीक लाकडी पट्टी ठोकायची. साचा काढला की खाच तयार. ‘साधं ठेवा’ म्हणणाऱ्याच्या नकाशात पहिली गळते ती हीच खाच, कारण ती समोरून दिसत नाही आणि तिच्याकडे कुणी मोल्डिंग म्हणून बघतही नाही.

किनाऱ्यावर पाण्याबरोबर मीठ येतं. खारं पाणी छज्ज्याच्या कडेत मुरलं की आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो काँक्रीटला आतून रेटतो, आणि एक दिवस कडेचा तुकडा निघून खाली पडतो. समुद्रालगतच्या इमारतींचे छज्जे नीट बघावेत. खराबी मध्यभागी सुरू झालेली क्वचितच दिसेल. ती कडेला सुरू होते.

घर विरतं ते नेहमी कडेला. गोधडीची कड दुमडून शिवतात ती छान दिसावी म्हणून नव्हे. कापड आधी तिथेच उसवतं म्हणून. मोल्डिंग घराच्या कडांना तेच करते. जुन्या कोकणी घराच्या छपराला पागोळ्यांच्या रेषेत लाकडी झालर लावलेली असते, खाली टोकं काढलेली. पर्यटक तिचे फोटो काढतात. पण ती वाशांची उघडी टोकं झाकते. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते त्याच्या कापलेल्या टोकातून. आणि झालरीच्या खालच्या टोकांमुळे पाणी ठरलेल्या जागी थेंबाथेंबाने सुटतं, फळीच्या पूर्ण लांबीवर साचून राहत नाही. झालर कुजली तर झालर बदलता येते. वासे कुजले तर छप्पर उतरवावं लागतं.

ओटीचा लाकडी खांब घ्या. तो जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. तळखडा कधी नुसता चौकोनी, कधी कमळासारखा घडवलेला, कधी दोन-तीन गोल थरांचा. तो खांबाला ओल्या जमिनीपासून वर उचलतो, वाळवीची वाट लांबवतो, आणि त्याचे उतरते थर उडालेलं पाणी खांबाच्या बुडाशी थांबू देत नाहीत. जोत्याच्या चिऱ्यांची वरची कड गोल केली तर ती ठोकर लागून फुटत नाही. काटकोनात ठेवली तर चिरा सच्छिद्र असल्यामुळे काही वर्षांत तिचे लचके निघतात. जमिनीलगत भिंतीवर गेरूचा पट्टा ओढायची रीत गरिबाच्या घरातही होती. सारवणाचे आणि चिखलाचे शिंतोडे त्या पट्ट्यावर पडत, पांढऱ्या भिंतीवर नाही, आणि पट्टा पुन्हा ओढायला एक हात पुरे. आज टाइल्सच्या दुकानात ज्याला स्कर्टिंग म्हणतात त्याचंच हे काम.

आता लाकूडकाम. लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात कोकणातली दारं अडकतात ती यामुळे. रुंद फळ्या जोडून, खिळे ठोकून केलेलं दार एकतर फुगून चौकटीत अडतं किंवा उन्हाळ्यात उभं तडकतं. यावर सुतारांनी काढलेला तोडगा म्हणजे पॅनेलचं दार. बाहेर अरुंद पट्ट्यांची चौकट, तिच्या आत खाच, आणि खाचेत मधली फळी सैल बसवलेली. तिला ना सरस, ना खिळा. ती आपल्या जागी फुगते, आपल्या जागी आकसते, दाराचं माप बदलत नाही. पण सैल बसवली म्हणजे तिच्या कडेला फट आली. ती फट झाकण्यासाठी चौकटीच्या आतल्या कडेवर जी गोलाई आणि पायरी काढतात, तिलाच आपण दाराची नक्षी म्हणतो. नक्षी काढून टाका म्हणणाऱ्याने फळीला हलायला जागा कुठून द्यायची तेही सांगावं. ‘फ्लश डोअर लावा’ हे त्याचं उत्तर असेल, तर समुद्राकडच्या बाजूला स्वस्त फ्लश डोअरच्या खालच्या कडेचे पापुद्रे सुटलेले कुणालाही दाखवता येतील.

बुरोंडी हे मच्छीमारांचं गाव. तिथल्या बंदरात लाकडी होडीच्या कडेला बाहेरून लावलेली जाड, गोल केलेली पट्टी बघावी. होडी दुसऱ्या होडीला किंवा धक्क्याला घासते तेव्हा ती पट्टी झिजते, होडीची फळी झिजत नाही. कड जिथे मार खाते तिथे एक बदलता येण्यासारखा, घडवलेला तुकडा द्यावा हे होडी बांधणाऱ्या सुताराला कुणी शिकवावं लागत नाही. तोच विचार दाराच्या चौकटीला लागू केला की तो उधळपट्टी ठरतो, हे अजब आहे.

यावर चलाख प्रतिपक्ष म्हणतो: ठीक आहे, खाच ठेवा, फट झाका, पण ते वळणं, गोल, पायऱ्या कशाला? सपाट पट्टीने काम भागेल. इथे त्याचं थोडं बरोबर आहे आणि बरंच चुकतं. सपाट पट्टीची वरची बाजू आडवी राहिली की तिच्यावर पाणी आणि धूळ दोन्ही साचतात. म्हणून वरची बाजू उतरती किंवा फुगीर करावी लागते. पट्टीची खालची बाजू आत घेतली तर थेंब सुटतो. म्हणून तिथे अंतर्वक्र वळण येतं. काटकोनातली धार हाताने, झाडूने, सामानाने फुटते. म्हणून ती मोडून गोला मारावा लागतो. फुगीर गोला, त्याखाली आत गेलेलं वळण आणि मध्ये एक बारीक सपाट पट्टी: एवढ्या तीन कामांतून जगभरच्या मोल्डिंगची निम्मी वर्णमाला तयार होते. वळण कामाच्या पोटातून आलं आहे, शोभा त्याच्या अंगावर नंतर चढली.

आणि उरलेली निम्मी? ती डोळ्यांसाठी आहे, हे कबूल करायला लाज वाटायचं कारण नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताच्या पोटाला लाकडी कमानी बसवलेल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांचं हे लाकूड अजून तिथे दिसतं. त्या कमानी छत पेलत नाहीत, कारण छत डोंगराचंच आहे. तरीही एकामागून एक येणाऱ्या त्या रेषांशिवाय ते दालन तेच राहिलं नसतं. विरक्त भिक्षूंच्या प्रार्थनागृहाला हे चालत होतं. मग दोन खोल्यांच्या होमस्टेला रेषेचं एवढं वावडं का असावं?

दुसरा आरोप इथेच ढासळतो. मोल्डिंग साहेबाने आणली म्हणणाऱ्यांनी अंबरनाथचं शिवमंदिर पायापासून बघावं. तिथल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. त्या काळच्या मंदिरांत गर्भगृहाची भिंत सुरू होण्याआधी एकावर एक आडवे थर येतात आणि मंदिर बांधणाऱ्यांनी त्या प्रत्येकाला नाव दिलेलं आहे: खुर, कुंभ, कलश, अंतरपत्र, कपोताली. खुर रुंद बैठक देतो, कुंभ फुगीर, अंतरपत्र आत गेलेलं आणि सावलीत राहिलेलं, कपोताली बाहेर झुकलेली, पाणी पुढे टाकणारी. सिन्नरच्या गोंदेश्वराला, खिद्रापूरच्या कोपेश्वराला हेच व्याकरण निरनिराळ्या प्रमाणात दिसतं. युरोपातला माणूस मुंबईच्या बंदराला लागण्याआधी कित्येक शतकं महाराष्ट्रातला पाथरवट आडव्या थरांची ही भाषा बोलत होता.

लाकडातही तेच. बाजीराव दुसऱ्याच्या काळात, १८०७ च्या सुमाराला बांधून झालेल्या पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग सागवानी कोरीवकामाचा आहे. पेशवाईतल्या वाड्यांचे सुरूदार खांब, केळफुलांची घडण, दारावरची गणेशपट्टी ही काही साहेबाच्या वहीतून उतरवलेली नाहीत. दापोलीजवळ मुरुडला दुर्गादेवीच्या देवळाचे कोरीव लाकडी खांब बघायला लोक मुद्दाम थांबतात, मग पाच-दहा मैलांवर घर बांधताना ‘कोकणात हे नसतंच’ असं कसं म्हणतात?

साहेबाने काही आणलंच नाही असंही मी म्हणत नाही. दापोली ही ‘कॅम्प दापोली’ होती, आणि इंग्रजी बंगल्याची कॉर्निस, खिडकीवरची कमानीची पट्टी या भागात त्याच वाटेने आली. पण येणारी गोष्ट परकी आहे एवढ्यावर ती टाकायची तर मंगळुरी कौलंही उतरवावी लागतील. ती बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मंडळींनी १८६५ मध्ये मंगळुरात काढलेल्या कारखान्यातून पसरली. आपण कौलं ठेवली, कारण ती पावसात टिकली. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० चा. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी तो बांधला, म्हणजे परकेपणाची कसर काही नाही. तरी त्याचं उतरतं छप्पर आणि कोरीव लाकडी खिडक्या रत्नागिरीच्या पावसाशी भांडत नाहीत. परीक्षा जन्मस्थानाची घ्यायची नसते, पावसाळ्याची घ्यायची असते.

तिसरा आरोप सगळ्यात भारदस्त वाटतो, कारण तो पुस्तकातून येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या आडोल्फ लूस यांनी अलंकाराला गुन्ह्याच्या रांगेत बसवणारा निबंध लिहिला, आणि आपल्याकडच्या आर्किटेक्चर कॉलेजांत तो पिढ्यानपिढ्या शिकवला गेला. १९०९ ते १९११ या काळात लूस यांनी व्हिएन्नाच्या मिखाएलरप्लाट्झ चौकात इमारत बांधली, तिच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना कसलीही चौकट-पट्टी ठेवली नाही. शहराने तिला ‘भुवया नसलेलं घर’ म्हणून हिणवलं. पण त्याच इमारतीच्या खालच्या भागात संगमरवरी खांब आहेत आणि त्यांच्यावर चांगली घडवलेली कॉर्निस आहे. लूस यांचं भांडण उसन्या, चिकटवलेल्या अलंकाराशी होतं. त्यांच्या भक्तांनी ते कडेवरच्या प्रत्येक रेषेशी नेऊन जोडलं.

शिवाय व्हिएन्नाला वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बुरोंडीत तेवढा भरायला पावसाळ्याचे काही आठवडे पुरतात. जिथे पाणी कमी तिथे जन्मलेला सिद्धांत, जिथे पाणी आडवं येतं तिथे जसाच्या तसा लावायचा, याला आधुनिकता म्हणत नाहीत.

आधुनिकता कशाला म्हणायचं ते मुंबईने दाखवलं आहे. १९३० नंतर मरीन ड्राइव्हला, माटुंग्याला, शिवाजी पार्कला आर्ट डेको पद्धतीच्या इमारती उभ्या राहिल्या. काँक्रीटच्या, लिफ्टच्या, त्या काळच्या अगदी नव्या. त्यांच्या खिडक्यांवरून इमारतीला वळसा घालत जाणारे छज्जे, त्यांच्या कडेवर समांतर ओढलेल्या दोन-तीन रेषा, गोल केलेले कोपरे, गॅलरीच्या कठड्यावरचे पट्टे हे सगळं मोल्डिंगच आहे. त्या छज्ज्यांना आर्किटेक्ट मंडळी ‘आयब्रो’ म्हणतात. व्हिएन्नाने भुवया काढल्या, मुंबईने त्या पावसासाठी परत लावल्या, आणि २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हटलं. त्या समूहातल्या जुन्या गॉथिक इमारतींच्या खिडक्यांच्या कमानींवरून पुढे आलेली दगडी पट्टी फिरते, तीही पाणी काचेवरून बाजूला नेण्यासाठीच.

साधेपणाच्या नावाखाली आणखी एक गोष्ट लपवली जाते. पट्टी नसलेलं काम सोपं नसतं, ते जास्त अवघड असतं. लाकडी चौकट आणि गिलावा जिथे भेटतात तिथे फट पडणारच, कारण लाकूड हलतं आणि गिलावा हलत नाही. वर झाकणपट्टी असेल तर गवंड्याच्या कामात चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झालेलं चालतं. पट्टी काढली की गिलावा सुरीच्या धारेसारखा सरळ यावा लागतो. भिंतीत आणि चौकटीत मुद्दाम सरळ सावलीची फट ठेवण्याची पद्धत परदेशी मासिकांत सुंदर दिसते. तिला धातूची खास पट्टी लागते, मुरलेला कारागीर लागतो आणि पैसे लागतात. ते तिन्ही नसताना केलेला ‘मिनिमल’ म्हणजे दुसऱ्या पावसाळ्यापासून चौकटीभोवती पडलेली भेग आणि तिच्यात दर वर्षी भरलेली पुट्टी.

चौथा आरोप धूळ आणि पैशाचा. धूळ वाईट घडवलेल्या पट्टीवर बसते, जिची वरची बाजू आडवी ठेवली तिच्यावर. उतार दिलेल्या पट्टीवरून फडकं एका हातात फिरतं. आणि ज्यांना पट्टीवरची धूळ दिसते त्यांनी सपाट भिंतीवरचे ओघळही बघावेत. खिडकीच्या तळाला पुढे काढलेली, खाली खाच असलेली कड नसेल तर खिडकीच्या दोन्ही टोकांखाली काळ्या रेघा उतरतात, आणि त्या फडक्याने जात नाहीत, रंगाने झाकाव्या लागतात. सपाट घराला वरचेवर रंग द्यावा लागतो. तो खर्च नकाशाच्या दिवशी कुणी सांगत नाही.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘साधं ठेवा’ हा सल्ला फुकट नसतो. छज्ज्याची खाच, कठड्याच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी पुढे आलेलं उतरतं कोपिंग, दाराची झाकणपट्टी, जोत्याची गोल कड हे सगळं गाळलं की कंत्राटदाराचे मजुरीचे दिवस वाचतात. दर मात्र चौरस फुटाचा असतो, तो घटत नाही. साधेपणाची बचत त्याच्या खिशात आणि गळतीचा खर्च तुमच्या.

आता प्रतिपक्षाची एक रास्त तक्रार. बंगल्यांवर आज जे मोल्डिंग म्हणून चिकटवलं जातं त्यातलं बरंच खरोखर वाईट आहे. फाटकावर उभे केलेले फायबरचे ग्रीक खांब कुणाला पेलत नाहीत आणि कुणाशी नातं सांगत नाहीत. थर्मोकोलवर सिमेंटचा पातळ थर देऊन केलेल्या कॉर्निसमध्ये एक भेग पडली की आत पाणी राहतं. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम. ओल लागली की ते मऊ पडतं आणि दमट खोलीत त्यावर बुरशी धरते, मग ते पुण्यात कितीही छान दिसो. एमडीएफची स्कर्टिंग पट्टी पुसण्याच्या पाण्याने एकदा फुगली की पूर्ववत होत नाही. या सगळ्याला नाही म्हणणाऱ्यांच्या बाजूने मीही हात वर करीन. पण हा पुरावा मोल्डिंगविरुद्धचा नाही. काम सोडून फक्त आकार उचलला, आणि तोही चुकीच्या मालात, तर काय होतं याचा तो पुरावा आहे. भेसळीच्या तेलामुळे कुणी नारळाचं झाड तोडत नाही.

तसबिरीच्या फ्रेमबाबत ही गल्लत जास्तच होते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना सुरू केला, पुढे तो मळवलीला गेला, आणि देवादिकांची रंगीत चित्रं मराठी घरांत पोचली. काच, चित्र, मागे फळी, आणि तिघांना एकत्र धरणारी लाकडी पट्टी. या पट्टीची खरी गंमत समोरच्या वेलबुट्टीत नाही, मागच्या खाचेत आहे. ती खाच किती खोल, यावर काच, माउंट, चित्र आणि पाठ किती नीट बसतील ते ठरतं. खाच उथळ असली की फ्रेमवाला माउंट गाळतो आणि फोटो थेट काचेला टेकतो. कोकणच्या हवेत फोटोचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला चिकटतो. मग काच बदलायला घेतली की आजोबांचा अर्धा चेहरा काचेबरोबर निघून येतो.

जुन्या घरांत फोटो भिंतीवर सपाट ठोकलेले नसत. दारांच्या वरच्या उंचीला एक लाकडी पट्टी भिंतीवरून फिरवलेली असे, तिच्यावर फ्रेम टेकवून वरून दोरीने पुढे झुकवत. पुढे झुकल्यामुळे काचेवर उजेड चमकत नाही आणि धूळ कमी बसते. मागे हवा खेळते, त्यामुळे ओली भिंत चित्राच्या पाठीला लागत नाही. आणि चिऱ्याच्या भिंतीत प्रत्येक फोटोसाठी नवा खिळा ठोकून गिलावा पाडावा लागत नाही. ‘कशाला ती पट्टी’ म्हणून ती काढली गेली आणि तिच्या जागी भिंतीत ड्रिलची भोकं आली.

आज बाजारात मिळणारी फ्रेमची पट्टी बहुतेक पॉलिस्टायरीनची, लाकडाचं सोंग घेतलेली असते. ती पाण्याने फुगत नाही हा तिचा गुण मान्य करायला हवा. पण कोपऱ्यात फुटली की ती सांधता येत नाही, आणि सोनेरी पापुद्रा निघाला की खाली पांढरा फेस दिसतो. सागाची किंवा शिवणीची साधी पट्टी, पंचेचाळीसच्या कटाला आतून पाचर दिलेली, पुन्हा पॉलिश करता येते. रुंद पट्टी मात्र इथे टाळावी. लाकूड उन्हाळ्यात आकसलं की रुंद पट्टीच्या सांध्याला आतल्या कोपऱ्यात फट पडते. अरुंद पट्टीत ती नजरेत भरत नाही. मोल्डिंगची बाजू घेणं म्हणजे जाडजूड मोल्डिंगची बाजू घेणं नव्हे. हवामानाला विचारून घेतलेलं माप ही तिची पहिली अट आहे.

आणि हे माप कुणाला ठाऊक असतं? ज्याच्याकडे गोल्याचा रंधा, खाचेचा रंधा आणि पटाशी होती त्या सुताराला. पत्र्याचा फर्मा कापून ओल्या चुन्यावरून तो ओढत गलथा उतरवणाऱ्या गवंड्याला. पत्र्याच्या त्या तुकड्यावर घराच्या सगळ्या कडांचा हिशेब असे. आता राउटरचं पातं जो आकार देईल तो आकार. यंत्राला माझा विरोध नाही. राउटर रंध्यापेक्षा लवकर आणि एकसारखं काम करतो. विरोध आहे तो मागणीच बंद करण्याला. ‘साधं ठेवा’ म्हणून दहा वर्षं कुणी मागितलंच नाही, तर अकराव्या वर्षी करून देणारा उरत नाही, आणि मग ‘आता कारागीरच मिळत नाहीत’ हाच नवा आरोप होतो.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांत छपरं उडाली. पट्टी असती तर ती वाचली असती, असा दावा मी करणार नाही. पण वारा छपराला सगळ्यात जास्त ओढतो ते कडांना आणि कोपऱ्यांना, हे बांधकामशास्त्र सांगतं. त्या वादळानंतर पुन्हा बांधलेल्या घरांत भिंतीचा रंग, टाइल्स, स्वयंपाकघराचा कट्टा यांवर जेवढं बोलणं झालं, त्याचा दहावा हिस्सा तरी छपराच्या आणि छज्ज्याच्या कडेवर व्हायला हवं होतं.

म्हणून बुरोंडीत किंवा किनाऱ्यावर कुठेही घर काढणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. ‘साधं ठेवा’ म्हणणाऱ्याला सहा प्रश्न विचारा. छज्ज्याच्या पोटात खाच आहे का? गच्चीच्या कठड्याच्या माथ्याला उतार आणि दोन्ही बाजूंना पुढे आलेली कड आहे का? वाशांची टोकं कशाने झाकणार? लाकडी खांब कशावर उभा राहणार? चौकट आणि गिलावा यांच्यामधली फट कोण झाकणार? आणि तो जो माल लावणार आहे तो दापोलीच्या जुलैत टिकतो का? शोभेचा प्रश्न यात एकही नाही. तो तुमच्या आवडीवर सोडा. पण या सहांची उत्तरं तोंडी घेऊ नका, नकाशावर मापासकट काढून मागा, आणि ती मिळेपर्यंत कंत्राटावर सही करू नका.